पायथ्याचा शिक्का

जहाजाच्या पाचव्या मजल्यावरील सोळा केबिन्स ज्याच्या ताब्यात होत्या, त्या स्टुअर्डला त्याचे सोबती ‘घडीबहाद्दर’ म्हणत. टॉवेलचा हत्ती, टॉवेलचा हंस, टॉवेलचे माकड ही जनावरे सगळेच स्टुअर्ड करतात आणि प्रवाशांच्या बिछान्यावर ठेवतात. पण याच्या हत्तीची सोंड बोट लावले तरी पडत नसे. अठरा वर्षे तो परक्यांची अंथरुणे घालत आणि काढत आला होता. वर्षाकाठी चार महिने घरी गेला की मात्र सकाळी चादर लोळत टाकून उठे, आणि त्याची बायको म्हणे, “जगाची अंथरुणं आवरून आलेत साहेब. घरचं आवरायला आता जगाला बोलावू का?”

धंद्यात मुरलेल्या माणसाला एखादा अभिमान असतोच. याचा अभिमान असा, की चुरगळलेल्या चादरीवरून आपण माणूस वाचू शकतो. नवराबायकोचे भांडण झाले आहे हे त्याला दोन उशांमधल्या अंतरावरून कळे; कुणाला घराची आठवण येते आहे हे पायाशी गोळा झालेल्या पांघरुणावरून. “माणूस थापा मारतो, चादर मारत नाही,” असे तो नव्याने लागलेल्यांना शिकवताना सांगे आणि ते वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडे.

त्या खेपेला अठ्ठावीस नंबरच्या केबिनमध्ये एक बाई एकट्या आल्या. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, बांधा बारीक, केस आखूड कापून कानामागे सारलेले, खांद्याला एकच पिशवी. बाकीचे प्रवासी केबिनमध्ये शिरले की आधी आरशात पाहतात, नाहीतर फोनच्या चार्जिंगची जागा शोधतात. या बाई सरळ खिडकीशी गेल्या, काचेवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “उघडत नाही ना?”

“नाही बाई. समुद्र आत येईल.”

“येईल तर येऊ दे म्हणायचं वय गेलं आता. नुसतं विचारलं.” मग त्या वळल्या. “तुमच्याकडे माझा एक फॉर्म आला असेल.”

आला होता. एकट्याने प्रवास करणाऱ्या वृद्धांसाठी कंपनीने तसा कागद काढला होता. त्यावर रोज चार रकाने भरायचे: जेवण घेतले का, केबिनबाहेर पडल्या का, झोप झाली का, आणि काही वेगळे जाणवले का. तिसऱ्या रकान्यापुढे बारीक अक्षरांत ‘बिछाना पाहून’ असे छापलेले होते. सकाळी अकरा वाजता तो कागद कार्यालयात जाई आणि तिथून मजकूर प्रवाशाच्या नातेवाइकाला कळवला जाई.

“भाच्यानं भरायला लावलाय,” बाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरले. मनगट मोडलं. चार तास फरशीवर पडून होते, शेजारीण आली तेव्हा कुठं कळलं. तेव्हापासून त्याच्या घरातली मागची खोली माझी वाट बघतेय. सूनबाईनं पडदेसुद्धा लावलेत.”

“मग चांगलंच आहे की, बाई.”

“पडदे चांगले आहेत. खोली त्याची आहे.” त्यांनी पिशवी बिछान्यावरच्या दुसऱ्या उशीपाशी ठेवली. “एकटीला दोघांचं भाडं पडतं तुमच्याकडे. तेव्हा ही बाजू हिची. तिलाही मान मिळू दे.”

स्टुअर्डला हसू आले. बाई हसल्या नाहीत. पण त्यांचे डोळे हसत होते.

“आमची पैज लागलीय,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस एकटी राहून दाखव, फॉर्मवर एक रेघ वाकडी नको, मग मी मागच्या खोलीचं नाव काढणार नाही, असं तो म्हणाला. काही वाकडं दिसलं, तर पुढच्या बंदरावर उतरायचं आणि माझ्या घराला कुलूप. मी म्हटलं, लाव. तेव्हा तुमच्या हातात नुसता कागद नाही बरं का, माझं घर आहे. पण म्हणून खोटं लिहू नका. खोट्यानं जिंकलेल्या घरात मला झोप लागायची नाही.”

“आधी नोकरी करत होता का, बाई?”

“इस्पितळात होते. चौतीस वर्षं, तळघरात. खिडकी नव्हती.” एवढे बोलून त्या पुन्हा समुद्राकडे वळल्या. तळघर म्हणजे जुने केसपेपर किंवा औषधांचा साठा असणार, असे मनाशी ठरवून स्टुअर्ड बाहेर पडला. त्याने अधिक विचारले असते तर पुढचे रामायण टळले असते. पण पुढे पंधरा केबिन्स थांबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्याने दार वाजवले. बाई नाश्त्याला गेलेल्या होत्या. तो ट्रॉली लावून आत शिरला आणि दारातच थबकला.

बिछाना वापरलेलाच नव्हता. चादर अशी ताणून बसलेली, की नाणे टाकले असते तर उडाले असते. पांघरुणाचा मुडपा सरळ रेषेत. उशा पूर्ण फुगलेल्या, त्यांवर डोक्याचा खड्डा नाही. रात्री ठेवलेला हत्ती होता तिथेच, सोंड वर करून. तो बाथरूममध्ये गेला. फरशी कोरडी, साबण कोरडा, पेला उपडा, नळावर थेंब नाही. पिशवी सोडली तर केबिनमध्ये माणूस राहत असल्याची खूण म्हणजे खिडकीच्या काचेवर उमटलेला एक तळहात, आणि तो कालचा होता.

त्याने कागद काढला. तिसऱ्या रकान्यापाशी पेन थांबले. एखादे माणूस पहिल्या रात्री नव्या जागी जागते, खुर्चीत बसून राहते. त्यात नवल नाही. त्याने रकाना कोराच ठेवला. आजचा दिवस पाहू, उद्या काय ते लिहू.

आणि त्या दिवशी त्याने बाईंना खरोखरच पाहिले. कामासाठी या मजल्यावरून त्या मजल्यावर जाताना जिथे जिथे त्या दिसल्या, तिथे तिथे त्याचे पाऊल क्षणभर रेंगाळले. एकटे जेवायला बसलेले प्रवासी पुस्तकाच्या आड लपतात किंवा घाईघाईने उरकतात. बाई मात्र मोठ्या भोजनगृहात मधोमध बसल्या होत्या. वेटर समोरची रिकामी खुर्ची उचलू लागला, तर म्हणाल्या, “असू द्या हो. तिनं तुमचं काय खाल्लंय?” आणि सूपचा एकेक चमचा असा घेत होत्या, जणू कुणी ते त्यांच्यासाठीच मुद्दाम शिजवले होते. तो वेटर नंतर म्हणाला, “त्या टेबलाला वाढताना आपोआप पाठ ताठ होते राव.”

दुपारी सातव्या मजल्यावर वाद्यवृंदाचा तास असे. पोहण्याच्या तलावाकडे टॉवेल पोचवायला जाताना स्टुअर्डने दारातून पाहिले. सगळी जोडपी नाचत होती. बाई उठल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन पावले इकडे, दोन तिकडे अशा आपल्याच तालात डोलू लागल्या. ना लाज, ना दिखावा. एक वयस्क गृहस्थ सौजन्याने हात पुढे करून आले. बाई म्हणाल्या, “पुढच्या गाण्याला या. हे माझं आहे.” आणि पुढच्या गाण्याला त्या खरोखरच त्यांच्याबरोबर नाचल्या, गृहस्थांची पावले चुकली तेव्हा त्यांना सावरून घेतले.

स्टुअर्डच्या मनात आले, आपण वर्षातले आठ महिने दीडेक हजार माणसांच्या गर्दीत एकटे असतो; पण आपल्याला हे असे एकटे असणे कधी जमले नाही.

म्हणूनच तिसऱ्या दिवशी सकाळी तोच कोरा बिछाना, तोच हत्ती आणि तीच कोरडी फरशी पाहून त्याला पुढच्या केबिनकडे जाववेना.

त्याला कारण होते. सहा वर्षांपूर्वी असेच एक एकटे आजोबा त्याच्या मजल्यावर होते. दोन सकाळी बिछाना न विस्कटलेला. “झोप लागली ना आजोबा?” असे विचारले की ते म्हणत, “छान! घोरत होतो.” घडीबहाद्दराने मान डोलावली आणि काम वाचले म्हणून मनात बरेही मानले. तिसऱ्या सकाळी आजोबा उघड्या डेकवरच्या बाकावर तापाने फणफणलेले सापडले. तिन्ही रात्री ते तिथेच बसून होते. केबिनमध्ये कोंडल्यासारखे होते, एवढेच ते सांगू शकले. त्यांना बंदरावर स्ट्रेचरवरून उतरवले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी त्यानंतर त्याला न विस्कटलेल्या बिछान्याची धास्ती बसली होती.

तेवढ्यात बाईच नाश्ता करून परत आल्या.

“बाई, झोप कशी लागली?” त्याने शक्य तितक्या सहजपणे विचारले.

“काय सांगू! पाळण्यात घातल्यासारखी. जहाज झोके देतंय आणि मी आपली ढिम्म.”

अगदी आजोबांसारखेच उत्तर. त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. टवटवीत होता, पण आजोबांचाही तसाच दिसे. ‘खोटं लिहू नका,’ हे त्यांचेच शब्द होते. दारामागे उभा राहून त्याने तिसऱ्या रकान्यात लिहिले: ‘बिछाना वापरलेला नाही. सलग दोन रात्री.’ आपण एका माणसाच्या घराला कुलूप लावतो आहोत, हे त्याला स्वच्छ दिसत होते. तरीही त्याने लिहिले.

पुढची चक्रे फिरायला दोन तासही लागले नाहीत. जहाजावरच्या डॉक्टरांनी येऊन बाईंना तपासले आणि “यांचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा बरं आहे,” असे म्हणून ते गेले. दुपारी सुपरवायझर स्वतः पाचव्या मजल्यावर आले. त्यांना मागे सगळे ‘शिस्तमामा’ म्हणत. त्यांच्या समोर फक्त उभे राहत. त्यांनी स्टुअर्डला बरोबर घेतले आणि अठ्ठावीस नंबरचे दार वाजवले.

“बाई, आपल्या भाच्यांचा निरोप आहे. उद्या सकाळी जहाज बंदराला लागेल, तेव्हा ते स्वतः न्यायला येत आहेत. सामान आज रात्रीच बांधून ठेवावं.”

बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. “का म्हणून?”

“आपण दोन रात्री झोपला नाहीत.”

“कोण म्हणतं?”

शिस्तमामांनी कागद पुढे केला. बाईंनी तो वाचला, मग मान वर करून स्टुअर्डकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता. तिथे नुसते आश्चर्य होते.

“तुम्ही लिहिलंत?”

“हो बाई. बिछाना तसाच होता. म्हणजे... माझ्या हातचा होता तसाच.”

एकाएकी बाईंना हसू फुटले. इतके, की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. “अरे देवा! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. अहो, मी आवरते तो!”

शिस्तमामा हसले नाहीत. “बाई, माफ करा, पण अशी चादर प्रवाशांच्या हातून बसत नाही. आमची माणसं तीन आठवडे शिकतात तेव्हा कुठे तिरकी घडी घालून खोचायचा कोपरा जमतो. घरी जायचं नसलं की प्रवासी काहीही सांगतात.”

“मी प्रवासी कुठं? चौतीस वर्षं इस्पितळाची लिनन रूम सांभाळलीय मी. दिवसाला सहाशे चादरी. नर्सची एकेक तुकडी कोपरा शिकायला माझ्याकडे खाली यायची.”

त्याच वेळी केबिनमधला फोन वाजला. भाच्याचा होता. शिस्तमामांनी सर्वांना ऐकू येईल असे बटण दाबले.

“आत्या, आता वाद घालू नकोस,” पलीकडचा आवाज दमलेला होता. “मी तिकीट काढलंय. उद्या सकाळी धक्क्यावर उभा असेन.”

“तू तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस आधी. मी झोपले होते.”

“त्या माणसानं लिहिलंय, बिछान्याला सुरकुती नव्हती म्हणून.”

“नसणारच. उठले की आवरते मी. बाथरूमही पुसून कोरडं करते; एकदा घसरून शिकलेय.”

पलीकडचा आवाज बदलला. “आत्या... जहाजावरसुद्धा?”

“जहाजावर म्हणजे? अंथरूण ते अंथरूण.”

“अगं, पैसे भरून गेलीस ना तू? तिथं त्या कामाला माणसं आहेत!”

“असतील. पण धडधाकट माणसानं आपलं अंथरूण दुसऱ्यासाठी टाकून उठू नये. टाकलेलं अंथरूण आजाऱ्याचं. जन्मभर आजाऱ्यांच्याच चादरी पाहिल्यात मी. मनगट मोडलं तेव्हा पंधरा दिवस तुझ्या बायकोनं माझं आवरलं. तेवढे पंधरा दिवसच मी आजारी होते. सोळाव्या दिवशी एका हातानं आवरलं, आणि बरी झाले.”

सहा वर्षे मनात धरलेली एक भीती आपल्याला कुठे घेऊन आली, हे स्टुअर्डला त्या क्षणी समजले. ज्या गोष्टीने बाई आपली तब्येत ठणठणीत असल्याची स्वतःशी नोंद करत होत्या, तीच त्याने आजाराची खूण म्हणून वर कळवली होती.

“तो स्टुअर्ड आहे का तिथं?” भाचा विचारत होता. “दादा, तुम्ही आज त्या बिछान्याला हात लावलाय?”

“नाही साहेब. लावण्यासारखं काही नव्हतंच.”

“मग एक करा. चादरीवर धुलाईचा शिक्का असतो ना? तुम्ही तो कुठं घेता?”

“उशाशी, भिंतीकडे. आत खोचलेला. दिसू नये म्हणून.”

“आता पायथ्याशी बघा. डाव्या हाताला. दिसेल असा.”

स्टुअर्ड गुडघ्यांवर बसला. पायथ्याचे पांघरूण त्याने हलकेच उचलले. डाव्या कोपऱ्यावर, तिरक्या घडीच्या बरोबर वर, सरळ वाचता येईल असा निळा शिक्का होता. चादर उलट्या टोकाने फिरवून पुन्हा घातलेली होती. दोन सकाळी तो त्या कोपऱ्यापासून दोन हातांवर उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अठरा वर्षांचा चादरी वाचणारा आणि पायथ्याशी लिहिलेले त्याला वाचता आले नव्हते.

“आहे साहेब,” तो म्हणाला. “चार हजार एकशे सहा.”

पलीकडे भाचा हसू लागला. “लहानपणी सुट्टीत हिच्याकडे राहायचो आम्ही. उठून चूळ भरून यावं, तर अंथरूण गायब! चादरी सगळ्या इस्पितळाच्या, बाद झालेल्या. शिक्का कायम पायथ्याशी, डावीकडे. मी अंगठ्यानं चाचपून नंबर ओळखायचो. मला कळायला हवं होतं. जित्याची खोड ती.”

“मेल्याशिवाय जात नाही म्हण की,” बाई म्हणाल्या. “म्हणायला काय घाबरतोस?”

“त्यालाच घाबरतो ना आत्या,” भाचा हळूच म्हणाला.

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी फोन जवळ ओढला, जणू त्याच्या पाठीवरच हात ठेवत होत्या. “ठाऊक आहे रे मला. पण भीती तुझी आणि मागच्या खोलीत जायचं मी, असं कसं चालेल?”

शेवटी तोड भाच्यानेच काढली. उद्या तो येणार नाही. पण पैज मोडलेली नाही. कागदावर उरलेले दिवस साफ हवेत, आणि कागद बिछाना पाहून भरायचा आहे. तेव्हा आत्याने अंथरूण आवरायचे नाही.

“म्हणजे मी बरी आहे हे दाखवायला आजाऱ्यासारखं टाकून उठायचं?”

“हो.”

“फार वाईट अट घातलीस.” बाईंनी सुस्कारा सोडला. “बरं.”

बाहेर आल्यावर शिस्तमामा म्हणाले, “पाठवलेली नोंद खोडता येत नाही, माहीत आहे ना?” घडीबहाद्दर म्हणाला, “खोडत नाही साहेब. खाली लिहितो.” आणि त्याने चौथ्या रकान्यात, जिथे एरवी आडवी रेघ ओढायची, तिथे लिहिले: ‘बिछाना बाईंनी स्वतः आवरला होता. तो मला ओळखता आला नाही. चूक माझी आहे; काम त्यांचे उत्तम आहे.’ शिस्तमामांनी ते वाचले आणि सही केली.

चौथ्या दिवशी सकाळी केबिनच्या दारातच चिठ्ठी अडकवलेली होती. अक्षर ठसठशीत: ‘पुरावा ठेवला आहे. हात शिवशिवत होते, म्हणून लवकरच बाहेर पडले.’

तो आत गेला. चादर विस्कटलेली होती, आणि आता त्याला ती वाचता आली. बाई उजव्या कुशीवर झोपत होत्या. मध्येच उठल्याची, तळमळल्याची एकही खूण नव्हती. पिशवीला दिलेल्या दुसऱ्या उशीवर एक लहानसा खळगा होता. पिशवी तर खाली होती. मग त्याच्या लक्षात आले: सांधलेले मनगट रात्री तिथे विसावलेले असणार. त्या खळग्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग कागदावर ‘झोप झाली’ असे लिहिले, आणि एवढे चार अक्षरी काम इतक्या आनंदाने आपण कधी केले होते, हे त्याला आठवेना.

त्या दिवशी बंदरावर बाई एकट्याच उतरल्या, तीन तास अनोळखी गल्ल्यांतून पायी हिंडल्या आणि जहाज सुटायच्या अर्धा तास आधी, पायाला फोड आणि तोंडभर हसू घेऊन परतल्या. फोडाला पट्टी नेऊन देताना स्टुअर्डने धीर केला. “बाई, तो कोपरा एकदा दाखवाल?”

“तुम्हाला? तुम्ही तर हत्ती करता!”

“हत्ती पोटासाठी करतो. कोपरा शिकायचा आहे.”

बाईंनी बाह्या सारल्या आणि बिछाना उघडा केला. पुढचे दीड मिनिट घडीबहाद्दर नुसता पाहत राहिला. त्या चादर झटकत नव्हत्या. हवेत एकदा उचलून तिला आपसूक खाली बसू देत होत्या. मग पायथ्याशी गुडघा टेकून कड उचलली, गादीवर तिरकी टाकली, खालचा पदर आत सारला, वरचा सोडला आणि तळहाताच्या कडेने एकदाच, फक्त एकदाच, दाबत नेला. डाव्या मनगटाला ताण पडतो तिथे त्या कोपर वापरत. ती हालचाल त्यांनी कुणाकडून शिकली नव्हती, मोडलेल्या हाताने स्वतः शोधून काढली होती. शिक्का बरोबर डावीकडे, वर.

“पण पायथ्याशीच का, बाई?”

“रात्री वॉर्डात दिवा मंद असतो. नर्सनं नुसतं पायथ्याशी वाकून वाचावं, कुठल्या वॉर्डाची, केव्हा धुतलेली. उशाशी शिक्का असला तर झोपलेल्या आजाऱ्याला हलवावं लागतं. झोपलेल्याला उठवायचं नाही, एवढंच आमच्या तळघराचं शास्त्र. मला कधी वॉर्डात जायला मिळालं नाही. पण वर कुणीतरी झोपलंय आणि आपल्या चादरीमुळे जागं होत नाहीये, हे खाली बसून कळायचं.”

स्टुअर्डने तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, “जमेल. घाई करू नका, चादर पळून जात नाही.” मोबदला म्हणून त्यांनी हत्ती शिकायला मागितला. त्यात मात्र त्यांची त्रेधा उडाली. सोंड काही केल्या उभी राहीना. “इतकी वर्षं सपाट करण्यात गेली हो,” त्या म्हणाल्या, “उभं काही केलंच नाही.”

पाचवी, सहावी, सातवी सकाळ बाईंनी पुरावा ठेवला. दर दिवशी चिठ्ठी. एकदा: ‘आज उशी तेवढी सरळ केली. ती धरू नये.’ दुसऱ्यांदा नुसते: ‘दार ओढून घेतले. मागे पाहिले नाही.’ त्याने त्या चिठ्ठ्या ट्रॉलीच्या कप्प्यात ठेवल्या. त्याच्या सोळा केबिन्सपैकी एकीतल्याही चादरीचे टोक त्या आठवड्यात सुरकुतले नाही, आणि शिस्तमामांनी फेरीत दोनदा पायथ्याचे कोपरे वाकून पाहिले.

आठव्या दिवशी जहाज परत आपल्या धक्क्याला लागले. अशा सकाळी स्टुअर्डला श्वास घ्यायला सवड नसते. एका केबिनला बारा मिनिटे, की नवे प्रवासी दारात. अठ्ठावीस नंबर त्याने शेवटी ठेवला होता. दार उघडले तेव्हा बाई उतरून गेल्या होत्या.

बिछाना आवरलेला होता. सुरकुती नाही, खळगा नाही, पुरावा म्हणून काहीही नाही. मधोमध टॉवेलचा एक हत्ती बसला होता. त्याचे कान वेगवेगळ्या मापांचे होते आणि सोंड आडवी पडली होती. चिठ्ठी नव्हती.

शेवटचा कागद भरायचा राहिला होता. तिसरा रकाना, बिछाना पाहून. त्याने पायथ्याशी वाकूनही पाहिले नाही. ‘झोप झाली’ असे लिहिले, सही केली, आणि मग खिडकीशी जाऊन खाली पाहिले.

धक्क्यावर एक पोक्त माणूस उभा होता, भाचाच असणार. केस विरळ झालेले, हातात छत्री. बाई त्याच्यापाशी पोचल्या. त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि काहीतरी म्हणाल्या. तो हसला, हात मागे घेतला, आणि दोघे चालू लागले. फाटकापाशी रस्ता दोन बाजूंना फुटत होता; बाई एकीकडे वळल्या, त्याची पावले दुसरीकडे निघाली. तिथे तो क्षणभर थांबला, मग बाईंच्या बाजूला वळला. आपल्या घराच्या नव्हे, त्यांच्या घराच्या वाटेने, त्यांना पोचवायला.

घड्याळात आठ मिनिटे उरली होती. स्टुअर्डने हत्ती उचलून ट्रॉलीच्या कप्प्यात चिठ्ठ्यांशेजारी ठेवला आणि सवयीने चादरीचे टोक धरून ओढले. एका झटक्यात निघायला हवी होती. निघाली नाही. त्याने पुन्हा ओढले, कोपरा जागचा हलेना. तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि तो कोपरा जसा बसवला होता तसाच, एकेक घडी उलट्या क्रमाने, हळूहळू सोडवू लागला.